मागच्या खोलीतला नवस

बुधवार, ११ सप्टेंबर

सुटलं. जहाज सुटलं!

दोनदा लिहिलं म्हणजे खरं असेल. महिन्याच्या वर झालं ते बंदरात अडकून. एकीकडून हे देशवाले बाँब टाकतायत, दुसरीकडून ते, आणि मधे आमचं पोरगं जहाजाच्या पोटात इंजिनाला तेल घालतंय. आज सकाळी वाट दिली म्हणे. सगळे सुखरूप.

बातमी आणली कुणी? मास्तरणीने. माझ्या धाकट्या जावेने. समोरच राहते, पण दीर गेल्यापासून तिने आमच्या दाराकडे पाहिलं नव्हतं. आज रस्ता ओलांडून आली. केसात लाल पेन खोचलेलं, पायात दोन वेगळ्या चपला. दारातच उभी राहिली.

"ताई, सुटलं. त्याचा फोन आला होता. तुमचा बंद लागतोय म्हणाला."

आणि मी काय बोलले? "तुला कसा आला?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आभार नाही, ये नाही, बस नाही. ती म्हणाली, "त्याच्याकडे माझा नंबर आहे म्हणून." आणि गेली.

हे आतल्या टेबलावर कुणाचा तरी रेडिओ उघडून बसले होते. ऐकलं. हातातलं अवजार खाली ठेवलं, मोरीत गेले, नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता. एरवी मी ओरडले असते. आज वाहू दिला.

माझा फोन मेला होता. रडत बसल्यावर चार्जिंगला कोण लावणार?

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज प्रार्थनाघरातली सगळी मंडळी येऊन गेली. गळ्यात पडली, रडली, चहा प्यायली. आणि प्रत्येकजण जाताना दारात थांबून तेच. "मग? आता काय, पाळकबाई?"

पार्लरवालीने तर आडपडदाच ठेवला नाही. ती आमच्या पंचांतली एकटी बाई, आणि सगळ्यांची डोकी तिच्या हाताखालून जातात. म्हणाली, "देवाने त्याचं केलं. आता तुमचं कधी?"

कर्म माझं. लिहूनच टाकते. दीर, माझ्याआधीचे इथले पाळक, म्हणायचे, "वहिनी, तोंडातून काढण्याआधी कागदावर काढा, निम्मं तिथेच राहील." निम्मं राहत नाही, पण सवय लागली.

तर गेला रविवार. अर्पणाचं गाणं चालू झालं की मी मागच्या खोलीत पाणी प्यायला जाते. उपदेशाआधी घसा कोरडा पडतो. त्या दिवशी पाण्याचा ग्लास भरला आणि न पिताच ठेवला. कपाटाला टेकून खाली बसले. आणि देवाला म्हटलं ते असं—

"हे बघ. गोड बोलायला मला येत नाही. तुला काय हवंय ते एकदा सांग. व्यासपीठ हवंय? घे. मास्तरणीला दे. ती शिकलेली आहे, तुझं पुस्तक तिला पाठ आहे. मला वाचताना बोट ठेवावं लागतं. मी तिच्या दारात जाऊन देईन, माझ्या पायांनी. घड्याळजीच्या किरकिरीतून तरी सुटेन. पण माझं पोर मला परत दे."

बाहेरचं गाणं थांबलेलं होतं. मला वाटलं संपलं. डोळे पुसून बाहेर आले तर सगळी मंडळी माझ्याकडे बघतेय. बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या. घड्याळजी, म्हणजे आमचे मुख्य पंच, घड्याळं दुरुस्त करतात, ते कपाळापर्यंत लाल. तेव्हा कळलं. कॉलरला माइक, कमरेला त्याची डबी. डबी चालू.

ती डबी बंद करायला मी नेहमीच विसरते. इतकी वर्षं विसरते. कधी काही झालं नाही. नेमकं त्याच दिवशी!

घरी येऊन ह्यांच्यावर तोंड सोडलं. आवाजाचं यंत्र तुमचं, बटणं तुमची, मागे बसता कशाला मग? हे वायर गुंडाळत म्हणाले, "जुना झालाय माइक." त्यांचंही पोर अडकलेलं. लक्ष नसेल.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

घड्याळजी रस्त्यात दिसले. मला बघून दुकानाचं शटर ओढलं. सकाळी अकराला!

रविवार, १५ सप्टेंबर

उपकारस्तुतीची उपासना. एवढी गर्दी दीर असतानाही व्हायची नाही. निम्मे पोराच्या आनंदाने आलेले, निम्मे तमाशाला.

मी उपदेश केला, नेहमीसारखा. म्हणजे आडवातिडवा. एका ओळीवर बोट ठेवलं आणि दुसरीच वाचली, मग मागे आले. पुढच्या बाकावरच्या म्हातारीने ओठांनी मला शब्द सांगितला. ती दर रविवारी सांगते. तिला वाटतं मला कळत नाही.

मग प्रार्थना. एकजण उभा राहून म्हणाला, आपली बाजू जिंको म्हणून प्रार्थना करू. मी म्हटलं, आपली कुठली? तिथे आपलं कुणी नाही, आपलं होतं ते निघालं. तो म्हणाला, टीव्हीवर सांगतात ना, कोण बरोबर आणि कोण चूक. मी म्हटलं, टीव्हीवाल्याचं पोर तिथे असतं तर त्याने वेगळं सांगितलं असतं. आमच्या जहाजामागे अजून एक जहाज त्याच बंदरात अडकलेलं आहे. त्यातल्या पोरांच्या आया आज माझ्या गेल्या रविवारच्या जागी बसल्यात. त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आणि तोफ डागणाऱ्या पोरांच्या आयांसाठी पण केली. काहींना आवडलं नाही. न आवडो.

व्यासपीठाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. सगळे वाट बघत होते. शेवटचा आशीर्वाद दिला आणि मागच्या दाराने सटकले.

लाज वाटते लिहायला. पण सुटका झाल्यावर देणं जड होतंच. अडलं होतं तेव्हा सगळं देत होते, अंगावरचे कपडेसुद्धा. आता पोरगं समुद्रात मोकळं आहे आणि मी हिशेब बघतेय की नवस नक्की काय केला होता.

सोमवार, १६ सप्टेंबर

पंचांची सभा. विषय मी.

आमच्या पंचांत एक रीत आहे. झाडू घ्यायचा तरी एकाने मांडायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग लिहायचं. घड्याळजींनी सुरुवात केली माझ्याकडे न बघता.

"माइकवरून ऐकू आलेली प्रार्थना ही अधिकृत घोषणा धरता येत नाही. सभेत मांडलेली नाही. सूचक नाही, अनुमोदक नाही."

"सूचक मीच की," मी म्हटलं.

"तुम्ही देवाला सुचवलं. आम्हाला नाही."

पार्लरवाली म्हणाली, "आणि देवाने जहाज सोडलं. हे अनुमोदन नाही तर काय? अजून काय सही करून देईल?"

सगळे हसले. घड्याळजी सोडून. मग एकजण म्हणाला, पाळकबाई गेल्या तर दवाखान्यात कोण जाणार? दुसरा म्हणाला, जाणार कशाला, उपदेशच फक्त द्यायचा म्हणाल्यात. तिसरा म्हणाला, मास्तरीण परत आली तर तिच्यासोबत गेलेले गाणारे परत येतील, आपलं गाणं ऐकून कुत्री ओरडतात. ते मात्र खरं आहे. तिच्या पुढच्या खोलीत दर रविवारी ती पंधरावीस माणसं बसतात. खिडकी उघडी असली की आमच्या गाण्यात त्यांचं गाणं घुसतं. त्यांचं सुरात असतं.

ठराव काही झाला नाही. चहा झाला. उठताना मी घड्याळजींना अडवलं.

"तुमच्याबद्दल बोलले ते देवाशी बोलले होते. तुम्हाला ऐकवायचं नव्हतं."

"म्हणजे मनापासून होतं."

"होतं. पण किरकिर तुम्ही करताच की नाही?"

म्हणाले, "घड्याळाचं काम आहे माझं, पाळकबाई. ज्याला किरकिर ऐकू येत नाही त्याने ते काम करू नये."

आणि चक्क हसले. मलाही हसू आलं. एक गाठ सुटली.

बुधवार, १८ सप्टेंबर

गेले एकदाची. किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

मास्तरीण पेपर तपासत बसली होती. तीच खोली, दिरांची खुर्ची तशीच खिडकीशी. तिने मला बघून चष्मा काढला.

"या ताई. बसा."

"बसायला आले नाही." मी जुडगा तिच्या पेपरांवर ठेवला. "घे."

"हे काय?"

"किल्ल्या."

"ते दिसतंय. कशाला?"

"तुला ठाऊक आहे. शहराला ठाऊक आहे."

तिने जुडगा उचलला, त्याखालून एक पेपर काढला, त्यावर खूण केली, मग बोलली. तिची ही सवय मला कधीच सहन झाली नाही. माणूस समोर जळतंय आणि ही आधी काम पुरं करणार.

"ताई, तुम्ही हे देवाला कबूल केलंत. मला कुठे विचारलंत? मी काय तुमच्या आणि देवाच्या व्यवहारातली पिशवी आहे, इकडून तिकडे द्यायला?"

मी दिरांच्या खुर्चीकडे बघितलं.

"हे गेले तेव्हा मला हवं होतं. कुणी विचारलं नाही. मी काळे कपडे घालून घरात बसले होते आणि पंचांनी तुम्हाला उभं केलं. का? तर तुम्ही दवाखान्यात जाता. मी विचारलं असतं तर मीही गेले असते. आता तुम्हाला नकोसं झालं म्हणून माझ्या दारात."

"नकोसं झालं कुणी सांगितलं?"

हे माझ्या तोंडून एवढं मोठ्याने निघालं की खिडकीतलं कबुतर उडालं. तीही दचकली.

"मला हवंय," मी म्हटलं. "माणसं ऐकतात ते मला आवडतं. आयुष्यात कुणी माझं ऐकलं नव्हतं, फक्त माझा आवाज ऐकला होता. नकोशी वस्तू कुणी देवाला देतं का? मी हवीशी दिली. घ्यायची तर घे, नाहीतर नको घेऊ, पण पिशवी म्हणू नकोस."

तिने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "चहा घेता?"

"नको."

चहा घेतला. साखर जास्त होती. पोराला लहानपणी तिनेच अक्षरं शिकवली, त्याच खिडकीशी. तो फोन तिला करणारच. एवढं डोक्यात यायला मला बुधवार उजाडला.

किल्ल्या तिथेच राहिल्या. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर

प्रार्थनाघराला कुलूप, किल्ली मास्तरणीकडे. झाडणारी बाई माझ्या नावाने ओरडून गेली. बरोबर आहे तिचं.

शनिवार, २१ सप्टेंबर

शनिवार म्हणजे माझा वनवास. उद्याचा उतारा चारदा मोठ्याने वाचायचा, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, ह्यांना विचारायचं, ह्यांना पण येत नसतं. मग मी चिडते, मग भांडी आपटते, मग रात्रीचं जेवण नीट जात नाही. आजसुद्धा तेच चाललं होतं आणि पोराचा फोन आला. आवाज अगदी शेजारच्या खोलीतला.

"आई, तू म्हणे लाउडस्पीकरवर आलीस."

"कुणी सांगितलं?"

"काकूने. माझ्या बदल्यात खुर्ची दिलीस?"

"दिली."

"स्वस्तात सुटलो. मला वाटलं बाबांना देशील."

हे बाजूलाच होते. हसले, आवाज न करता, खांदे हलवून.

मग तो जरा गंभीर झाला. "आई, खरं सांगू? जहाज दोन बाजूंच्या माणसांनी टेबलावर बसून सोडलं. आम्ही रेडिओवर ऐकत होतो. त्यात तुझा माइक नव्हता."

"आणि त्यांना टेबलावर कुणी बसवलं?"

"हे तू भांडायला म्हणतेयस का विश्वासाने?"

"दोन्ही एकच."

"मागचं जहाज अजून तिथेच आहे," तो म्हणाला. "त्यांच्या पण आया असतील. त्यांच्याकडे द्यायला खुर्ची नसेल."

पोरगं मोठं झालं. बोललेलं टोचतं तेव्हा कळतं. फोन ठेवला आणि जाणवलं, मी पोरासाठी खुर्ची दिली खरी, पण खुर्चीने पोर आलं असं कुणाला सांगायचं नाही. दुसऱ्या जहाजाच्या आईला मी काय तोंड दाखवू? देणं कबूल केलं म्हणून द्यायचं. बस. त्यात खरेदी नाही.

एवढं समजल्यावर उतारा वाचायचं ओझं वाटेना. वाचता मात्र आला नाही तरी.

रविवार, २२ सप्टेंबर

किल्ली घेऊन मास्तरणीचा विद्यार्थी आला, कुलूप काढलं, किल्ली परत घेऊन गेला. ती स्वतः नाही आली.

मी उतारा बंद केला आणि उभं राहून सांगितलं. "तुम्ही माइकवर ऐकलंत ते खरं आहे. मी शब्द दिला. जहाज सुटलं म्हणून नाही, शब्द दिला म्हणून पाळणार. मास्तरणीने घेतलं तर ती बोलेल. नाही घेतलं तर दुसरं कुणी शिकलेलं शोधा. मी घरी येणं, दवाखान्यात येणं, तुमच्या पोरांना झापणं बंद करणार नाही. ते मी कुणाला दिलेलं नाही."

खाली बसले. पुढच्या बाकावरची म्हातारी रडत होती. मला वाटलं मी जाणार म्हणून. नंतर म्हणाली, "आता मी कुणाला शब्द सांगू?"

घड्याळजी उभे राहिले. म्हणाले, "मी अनुमोदन देतो." मांडलं नाही, लिहिलं नाही. सरळ अनुमोदन! पार्लरवालीने टाळी वाजवली.

मागे वळून ह्यांच्याकडे बघितलं. हे यंत्रावर वाकून बसलेले. वर बघेनात.

मंगळवार, २४ सप्टेंबर

मास्तरीण आली. आज आत आली. खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही रविवारी जे बोललात ते पार्लरमध्ये तिघींनी मला वेगवेगळं सांगितलं. खरं कुठलं?"

मी सांगितलं.

"ठीक आहे. उपदेश मी करते. पण तीन... नाही, एकच अट." तिने बोट वर केलं, वर्गात करते तसं. "मी बोलत असताना मधे बोलायचं नाही."

"चूक बोललीस तर?"

"तर नंतर घरी येऊन सांगा."

"आणि लांबलं तर?"

"ताई."

"बरं."

मग तिने सांगितलं की तिच्या खोलीत येणारी माणसं येतील, पण एक-दोघं रुसून बसतील, त्यांच्याकडे जावं लागेल. "ते तुम्ही करा. मला रुसलेल्या माणसांशी बोलता येत नाही. मी त्यांना चूक समजावून सांगते, ते आणखी रुसतात."

"मी काय करते?"

"तुम्ही ओरडता. मग ते हसतात."

माझ्या गुणाचं एवढं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. दीर असते तर म्हणाले असते. जाताना ती दिरांच्या फोटोपाशी थांबली. आमच्या भिंतीवर तो आहे हे तिला माहीत नव्हतं. मी फोटोवरची धूळ पदराने पुसली.

तिच्या पायात आज एकसारख्या चपला होत्या.

शनिवार, २८ सप्टेंबर

आला.

गाडीतून उतरला तेव्हा मला वाटलं दुसराच कुणी. बारीक झालाय, दाढी वाढलीय, हाताला तेलाचा वास अजून येतो. मी पहिलं वाक्य ठरवून ठेवलं होतं, चांगलं देवाचं वाक्य. तोंडातून निघालं, "एवढी दाढी कुणासाठी?"

तो रडायला लागला. एवढा बाप्या, रस्त्यात उभा राहून. मग मी पण. मग समोरून मास्तरीण धावत आली, ती पण. हे सामान उचलून आत घेऊन गेले. चारही बॅगा, एकटे. कुणी मदत केली नाही. कुणाला सुचलं नाही.

दुपारी त्याला झोप लागली ती बाहेरच्या कोचावरच. पाय बाहेर लोंबकळत. मी येता-जाता बघत होते. किती वेळा गेले असेन, स्वयंपाकघरात काही काम नव्हतंच.

संध्याकाळी त्यानेच टीव्ही लावला. मागचं जहाज अजून सुटलेलं नाही. त्या जहाजातल्या एका पोराचं नाव त्याला माहीत होतं, रेडिओवर दोघं गाण्यांच्या गप्पा मारायचे म्हणे. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, कोण जिंकतंय. मी टीव्ही बंद केला. मग आम्ही तिघांनी त्या पोरासाठी प्रार्थना केली. ह्यांनी मोठ्याने केली. ह्यांना मोठ्याने प्रार्थना करताना मी लग्नानंतर एकदाच ऐकलं होतं, दीर गेले तेव्हा.

आज शनिवार होता. उतारा वाचायचा नव्हता. झोपायला जाताना ते माझ्या लक्षात आलं.

रविवार, २९ सप्टेंबर

मी आज बाकावर बसले. पोरगं एका बाजूला, म्हातारी दुसऱ्या बाजूला.

बाकावरून सगळं वेगळं दिसतं. वरचा पंखा एका अंगाने हलतो, कधीही पडेल. दरवाजातून उन्हाची पट्टी नेमकी तिसऱ्या बाकावर पडते, म्हणून तिथे कुणी बसत नाही, आणि मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना पुढे यायची लाज वाटते. माणसं किती कुजबुजतात! माझ्या वेळीही कुजबुजत असतील.

गाणं मात्र आज गाणं होतं. कुत्री गप्प.

मास्तरीण बोलली. छान बोलली. कुठे अडली नाही, कुठे बोट ठेवलं नाही. समुद्रात वादळ आलं आणि गलबतातले घाबरले त्याबद्दल बोलली, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या गोष्टीत बाजूला आणखी गलबतं होती. ते तिथे लिहिलंय. मी ती गोष्ट चारदा सांगितली असेन, मला दिसलं नव्हतं. पोराने माझा हात दाबला.

लांबलं. फार लांबलं. मी मधे बोलले नाही. जीभ दाताखाली धरली, अजून दुखते. पण हसूही येत होतं सारखं. खांद्यावरून पोतं उतरवल्यावर माणूस थोडं पुढे झुकलेलंच चालतं ना, तसं. पुढच्या शनिवारी मी काय करणार, हाच विचार. काही नाही करणार! नुसती बसेन.

एक उपदेशाआधीचं लिहायचं राहिलं. अर्पणाच्या गाण्याला मास्तरीण पाणी प्यायला मागच्या खोलीत गेली. कमरेची डबी चालूच, लाल दिवा दिसत होता. तिलाही बंद करायचं सुचलं नाही. मी घाबरले, मागे वळले. हे यंत्राशी. मान वर न करता, गाण्यावर पाय हलवत, ह्यांनी एक बटण खाली ओढलं. ती बाहेर आली, बटण वर. झोपेतही करतील असं.

मी पुन्हा पुढे बघायला लागले. पण मग गाणं माझ्या कानात गेलं नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

सकाळी विचारलं. हे वायर गुंडाळत होते.

"दर रविवारी मी मागे गेले की तुम्ही बंद करता?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मग त्या दिवशी?"

वायरचं वेटोळं पुरं केलं. खिळ्याला टांगलं. म्हणाले, "बोट बटणावरच होतं. तुझं ऐकलं आणि उचललं. देव ऐकतोच गं. एकदा बाकीच्यांनीही ऐकावं म्हटलं."

मी काही बोलले नाही. मी!